क्रिस पेरी आणि आपल्या शाळेचा बँड
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी किंचित संपादित करून)



संयोजकांनी मला 'माहिती तंत्रज्ञान आणि आजचा विद्यार्थी' असा विषय दिला होता. मी विनंती करून तो बदलून घेतला. कॉम्प्युटरबद्दल मुलांना आता आपल्यापेक्षा जास्त कळतं, आणि आपण तर दोन दिवस ऑफिस विसरायला आलो आहोत. म्हणून मी एका संगीतकाराविषयी बोलणार आहे. त्यांचं नाव क्रिस पेरी. कोणी ऐकलंय? हात वर करा बरं.

दोन हात. माझ्या अंदाजापेक्षा दोन जास्त.

क्रिस पेरी १९२८ साली मडगावला जन्मले आणि जानेवारी २००२ मध्ये गेले. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, दोन्ही वाजवायचे. साठच्या दशकात मुंबईत चर्चगेटला ॲस्टोरिया हॉटेलात 'व्हेनिस' नावाची जागा होती, तिथे त्यांचा बँड वाजायचा. त्यांनी कोकणी भाषेत गाणी रचली, अनेकांचे शब्दही स्वतः लिहिले, आणि त्यातली कितीतरी लोर्ना या गायिकेने गायली. 'बेबदो', 'पिसो', 'लिस्बोआ', 'नाचूंया कुंपासार'. गोव्याच्या कुठल्याही लग्नात आजही यातलं एखादं वाजतंच. पण गोव्याबाहेर, आणि खास करून आपल्या मराठी घरांत, हे नाव पोचलेलं नाही. मला ही गाणी कॉलेजच्या हॉस्टेलवर मडगावच्या रूममेटच्या कॅसेटमुळे कळली. ती कॅसेट आमच्याकडे इतकी वाजली की शेजारच्या खोलीतल्या नागपूरच्या मुलींनाही 'पिसो' पाठ झालं.

आता त्या शेवटच्या गाण्याच्या नावाकडे बघा. 'कुंपासार' म्हणजे तालावर. हा शब्द पोर्तुगीज 'कॉम्पासो'वरून आलाय. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक संगीतातला ताल, मात्रांचं एक माप. दुसरा, वर्तुळ काढायचं साधन. म्हणजे आपल्या दप्तरातली कंपासपेटी आणि गोव्याच्या नाचातला कुंपास हे एकाच घराण्यातले. भूमितीच्या बाई समोर बसल्यात. बाई, तुम्ही आम्हाला अर्धाच अर्थ शिकवलात!

तसं बघितलं तर पोर्तुगीज आपल्याला परके नाहीत. चौल-रेवदंडा १७४० पर्यंत त्यांच्याकडे होतं. कोर्लईच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली घरात बोलली जाते. ते लोक तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. आणि पाव, बटाटा, चावी, बादली, पगार हे शब्द तर आपण रोज वापरतो. पोर्तुगीजांनी गोव्यात आणखी एक गोष्ट मागे ठेवली, तीही आपल्या आजच्या विषयाशी जोडलेली आहे. चर्चला जोडलेल्या गावशाळांमध्ये मुलांना संगीत शिकवायचे. नुसतं गाणं नव्हे, तर पाच रेघांवर लिहिलेलं संगीत वाचायला शिकवायचे. गावातल्या गरीब घरातला मुलगासुद्धा व्हायोलिन धरायला आणि नोटेशन वाचायला शिकून बाहेर पडायचा.

त्या एका कौशल्यावर गोव्याची माणसं मुंबईत आली. धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या 'कूड' होत्या, म्हणजे त्या गावच्या माणसांनी राहायच्या सामाईक खोल्या. आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या आठवा, तसंच. १९३५ मध्ये लिऑन ॲबी नावाचे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताजमध्ये वाजवायला आले आणि मुंबईला खरा जॅझ समोरासमोर ऐकायला मिळाला. गोव्याच्या वादकांनी तो उचलला. पुढे १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन, १९६४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेले. क्रिस पेरी तयार झाले ते या वातावरणात.

मग त्यांनी वेगळं काय केलं? जॅझ वाजवणारे मुंबईत पुष्कळ होते. त्यातले बहुतेक अमेरिकन गाणी इंग्रजीतच वाजवत. हॉटेलांना तेच हवं होतं. ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्या सॅक्सोफोन वादकाने जॅझमध्ये राग आणायचा प्रयोग केला, तोही मोठाच. क्रिस पेरींनी जॅझमध्ये घरची बोली आणली. कोकणी ही तेव्हा स्वयंपाकघरातली, अंगणातली, तियात्रातली भाषा. ती स्वतंत्र भाषा आहे की मराठीची बोली, यावर भांडण चालू होतं. १९६७ मध्ये गोव्याने महाराष्ट्रात यावं की नाही यावर सार्वमत झालं. साहित्य अकादमीने कोकणीला मान्यता दिली १९७५ मध्ये. ती राजभाषा झाली १९८७ मध्ये. म्हणजे सरकार आणि विद्वान ठरवत होते, त्याच्या आधीच हा माणूस त्या भाषेला तीन-चार ट्रम्पेट-सॅक्सोफोन, ड्रम आणि पियानो यांच्या मध्ये उभं करून दाखवत होता. भाषेला जागा मिळेपर्यंत तो थांबला नाही.

आणि विषय कसले? 'बेबदो' म्हणजे दारुडा. 'पिसो' म्हणजे वेडा, ज्याला लोक वेडा म्हणतात तो. हे विषय आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात आहेत. ज्या संगीतावर शहरातली जोडपी सूट आणि गाऊन घालून नाचत, त्या संगीतात त्यांनी गावातला दारुडा आणून उभा केला.

आता ऐकायचं कसं ते सांगते, कारण पहिल्यांदा ऐकताना आपला मराठी कान एक चुकवतो. आपल्याला चाल आणि शब्द ऐकायची सवय. भावगीतात तेच महत्त्वाचं. जॅझमध्ये निम्मं काम चालीच्या खाली चालतं. म्हणून 'बेबदो' तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त लोर्नाचा आवाज आणि शब्द. दुसऱ्यांदा आवाज सोडून द्या आणि खालचा ठेका धरा. तिसऱ्यांदा फक्त वाऱ्याची वाद्यं ऐका. गायिकेची ओळ संपते तिथे ट्रम्पेट तिला उत्तर देतात, कधी दुजोरा देतात, कधी टोमणा मारतात. जाखडीत एक बाजू सवाल टाकते आणि दुसरी उत्तर देते ना, तसंच. फरक एवढाच की इथली दोन्ही बाजूंची उत्तरं एकाच माणसाने आधी कागदावर लिहून ठेवलीत.

हा कागद महत्त्वाचा आहे. थोडी तांत्रिक गोष्ट आहे, पण या वर्गात चालेल. ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर जो स्वर 'सी' म्हणून लिहिलेला असतो, तो प्रत्यक्षात पियानोच्या 'बी फ्लॅट'ला वाजतो. आल्टो सॅक्सोफोनवाल्याच्या कागदावरचा 'सी' वाजतो 'ई फ्लॅट'ला. म्हणजे तिघांनी एकच स्वर वाजवावा असं वाटत असेल, तर तिघांच्या कागदावर तीन वेगळे स्वर लिहावे लागतात. संगीतरचना करणाऱ्याला ही सगळी रूपांतरं डोक्यात ठेवून प्रत्येकाचा कागद वेगळा तयार करावा लागतो. शिवाय दोन्ही वाद्यांचा ओठांचा जोर वेगळा, बोटं वेगळी. एकाच माणसाने दोन्ही वाजवणं, दोन्हींसाठी लिहिणं आणि वर गाण्याचे शब्दही लिहिणं याला किती तयारी लागते याचा अंदाज यावा म्हणून हे सांगितलं.

एवढं असून नाव का नाही? मला तीन कारणं दिसतात. पहिलं, भाषा लहान. कोकणी तबकडी कितीही गाजली तरी ती हिंदी सिनेमाच्या गाण्याइतकी फिरणार नाही. दुसरं, ही नाचाची गाणी. ज्यावर पाय हलतात ते गंभीर संगीत नाही, अशी आपली एक समजूत आहे. तिसरं, गाणं गाणाऱ्याच्या नावाने ओळखलं जातं. ही सगळी गाणी लोकांसाठी 'लोर्नाची गाणी' आहेत. लोर्नाचं श्रेय यात कणभरही कमी नाही. तो आवाज नसता तर ही गाणी अशी उभी राहिलीच नसती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही जोडी फुटली आणि त्या पुढे बरीच वर्षं गायल्या नाहीत, १९९५ मध्ये परत आल्या. पण त्या गळ्यासाठी कोणीतरी ओळ लिहिली होती आणि त्या ओळीखाली कोणीतरी जिना बांधला होता, हे विसरायला नको.

हिंदी सिनेमातही हेच झालं. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या माणसांनी संगीतकारांच्या चाली वाद्यवृंदासाठी लिहून काढल्या. यातले अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूंचं नाव आलं म्हणून आपल्याला ते नाव तरी माहीत आहे. पण ते नाव खऱ्या माणसाचं आहे, हे किती जणांना माहीत होतं? आमच्या धंद्यातही असंच आहे. जे बिघडत नाही, त्याच्यामागे कोण आहे हे कोणी विचारत नाही.

क्रिस पेरींनी त्याच १९७७ साली 'भुयारांतलो मनीस' हा चित्रपट काढला. पहिला रंगीत कोकणी चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. त्यांच्या निधनानंतर बारा-तेरा वर्षांनी बार्डरॉय बार्रेटो यांनी या गाण्यांवर 'नाचूंया कुंपासार' हा चित्रपट केला. त्याला सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नव्या पिढीला ही गाणी त्यामुळे परत मिळाली. हे चांगलंच झालं. पण श्रेय द्यायला माणूस जायची वाट बघायला हवी का?

म्हणून आता मी गोव्याहून आपल्या शाळेच्या मैदानावर येते.

आपल्या शाळेला बँड होता. दोन ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट, साइड ड्रम आणि एक मोठा ढोल, ज्याच्या मागे उचलणारा मुलगा दिसायचाच नाही. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या संचलनाला तो वाजायचा. शिकवायला जे सर यायचे ते लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. रात्री वरात संपवून सकाळी सातला मैदानावर हजर. कोळीवाड्यातली हळद असो की आगऱ्यांचं लग्न, या किनाऱ्यावर वाऱ्याची वाद्यं जिवंत ठेवली ती अशाच माणसांनी. आपण त्यांना 'बँडवाले' म्हणतो. त्या शब्दात कौतुक नसतं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यापैकी बरेच जण कागद न बघता, कानाने ऐकून सिनेमाचं गाणं दोन दिवसांत बसवतात. हे सोपं काम नाही.

ते सर आज तिसऱ्या रांगेत बसलेत. सर, कृपया उभे राहा. राहा हो सर. टाळ्या आपण नंतर वाजवू, आधी ऐका. आपल्या मागच्या स्मरणिकेत शाळेच्या सर्व शिक्षकांची यादी आहे. प्रयोगशाळा सहायकांचं नाव आहे, शिपाईकाकांचं आहे, ते असायलाच हवं. सरांचं नाही, कारण ते मानधनावर होते आणि हजेरीपटावर नव्हते. या वेळच्या स्मरणिकेत ते असेल. संपादक मंडळाने मला तसा शब्द दिलाय आणि हे भाषण तिथेच छापलं जाणार आहे, त्यामुळे आता माघार नाही.

दुसरी गोष्ट. वाद्यं अजून आहेत. मी काल मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन खेळाच्या खोलीत जाऊन बघितली. एका ट्रम्पेटच्या कळा अडकल्यात, क्लॅरिनेटचे पॅड गेलेत, ढोलाचं कातडं फाटलंय. दुरुस्त होण्यासारखं आहे. आपल्या बॅचने ठरवलं तर पुढच्या २६ जानेवारीला बँड वाजू शकतो. पैसे ही अडचण नाही, या सभागृहातल्या गाड्या बघितल्या तर कळेल. अडचण आहे ती शिकवणाऱ्याची. सर म्हणाले, "मी येईन, पण दम आता पहिल्यासारखा नाही. भाच्याला घेऊन येईन." भाचा मुंबईत एका बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. आणि मला वाटतं, मुलांना आपली सरगम आणि ती पाच रेघांची लिपी, दोन्ही शिकवावं. वाचता आलं की गावातलं मूल जगातल्या कुठल्याही बँडमध्ये बसू शकतं. गोव्याच्या वादकांना मुंबईचे दरवाजे त्यानेच उघडले.

आपल्या शाळेतून क्रिस पेरी निघेल, असं मी म्हणत नाही. अशी माणसं ठरवून निघत नाहीत. पण ज्या गावात मुलाच्या हाती वाद्य येतं आणि शिकवणाऱ्याचं नाव लोकांना माहीत असतं, तिथेच ती निघण्याची शक्यता असते. तेवढी शक्यता आपण ठेवू या. बाहेर टेबलावर वही ठेवलीय. ज्यांना वाद्यदुरुस्तीसाठी काही द्यायचंय त्यांनी नाव लिहावं, आणि ज्यांच्या घरी जुना ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन पडून असेल त्यांनी तो आणून द्यावा.

आता मी स्पीकरवर 'बेबदो' लावतेय. जेवणाची पानं वाढून होईपर्यंत तीनदा वाजेल. तिसऱ्यांदा फक्त ट्रम्पेट ऐका.

आणि आता सरांसाठी टाळ्या.