चालू आहे, हात लावू नये



माझ्या परिचयाच्या एका छापखान्यात जुन्या संगणकावर चिठ्ठी डकवलेली आहे, ‘चालू आहे. हात लावू नये.’ आत विंडोज एक्सपी. ही कार्यप्रणाली 2001 साली आली. तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी थांबवल्या. मी मालकांना म्हटलं, “अहो, आता तरी बदला.” त्यांनी चहा मागवला आणि हिशेबच मांडला.

मराठी जुळणीचं सॉफ्टवेअर चालतं ते प्रिंटरच्या पोर्टला लावलेल्या डोंगलवर. नव्या संगणकाला ते पोर्टच नाही. वीस वर्षांच्या फायली युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या. तो फॉन्ट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. बिलांचा प्रोग्रॅम डॉसचा, तो 64-बिट विंडोजवर चालत नाही. आणि ऐन लग्नसराईत पत्रिकांचं काम चार दिवस बंद ठेवायचं कसं? बदलायची एक प्रणाली, पण तिच्यामागे सगळा संसार हलवायचा!

याला आपण कंजूषपणा म्हणतो. मला ते पटत नाही. नव्याचा खर्च आज खिशातून जातो, जुन्याचा धोका डोळ्यांना दिसत नाही. शिवाय नवं ते चांगलंच निघेल याची खात्री कोण देणार? 2007 मध्ये व्हिस्टा बाजारात आली, तेव्हा अनेक कंपन्या ती टाळून 2009 च्या विंडोज 7 पर्यंत थांबल्या.

मोठ्यांचंही तेच. देशातली कितीतरी एटीएम एक्सपीवरच चालत राहिली. अखेर जून 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना वर्षभराची मुदत घालून दिली.

धोका मात्र खरा आहे. मे 2017 मध्ये फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. गंमत म्हणजे, सापडलेले बहुतेक संगणक एक्सपीचे नव्हतेच, विंडोज 7 चे होते. प्रणाली नवी, पण दुरुस्ती बसवलेली नाही!

विंडोज 10 चा नियमित आधारही 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. ती नसलेले धडधाकट संगणक अडले.

आमच्या मालकांनी शेवटी मधला मार्ग काढला. जुन्या संगणकाची इंटरनेटची वायर काढली, नव्या कामासाठी दुसरा घेतला. पावसाळ्यात काम मंदावलं, की मुलगा जुन्या फायली एकेक करून युनिकोडमध्ये आणतो. चिठ्ठी अजून तिथेच आहे.