काल्पनिक वीरांचे बारसे

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते; बाळाचे मत कोणी विचारीत नाही. नाव निवडण्याची पहिली संधी आमच्या मुलांना लाभली ती मेजाभोवती बसून खेळावयाच्या एका खेळात. त्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांनी रचला आणि तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णितो. इतर एकेक पात्र धारण करून त्याच्या मुखाने बोलतात आणि फाशांचा कौल मानतात. पात्राचे नाव ज्याचे त्याने ठेवावयाचे, आणि घोडे अडते ते तेथेच.

खेळाच्या आद्य मंडळींनी ही अडचण हसतखेळत सोडविली. जिम वॉर्ड यांचे नाव रोमन लिपीत उलटे वाचले की 'ड्रॉमिज' हा जादूगार सिद्ध होतो; गायगॅक्स यांचे पुत्र अर्नेस्ट यांच्या नावातील अक्षरे फिरविली की 'टेन्सर'. गमतीने ठेवलेली ही नावे पुढे नियमग्रंथातील मंत्रांना चिकटली. टॉल्किन यांचा मार्ग निराळा. १९३७ च्या 'द हॉबिट'मधील थोरिन, फिली, किली ही बुटक्यांची नावे आणि जादूगार गँडाल्फचेही नाव त्यांनी प्राचीन नॉर्स काव्यातील एका नामावळीतून घेतले. म्हणूनच ती नावे एका कुळातील वाटतात.

गेल्या सुटीत आमच्या घरी हा डाव मांडला होता. आमच्या नातवाचे पात्र म्हणजे दगड घडविणारा, तट बांधणारा बुटका कारागीर. भारदस्तपणासाठी त्याने अशी काही जोडाक्षरे रचली, की सवंगड्यांच्या जिभेला ती पेलेनात. दुसऱ्या दिवशी सारे त्याला नुसते "ए बुटक्या" म्हणू लागले. पोर हिरमुसले. त्याची आजी म्हणाली, "अरे, गडच बांधतो ना तो? मग हिरोजी म्हण की!"

रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव तेथील जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर कोरलेले आहे, ही हकीकत तिने त्याला सांगितली. तमिळ, बंगाली, पंजाबी सवंगड्यांनी ते नाव पहिल्याच हाकेला अचूक उच्चारले. सायंकाळी डावातला तट ढासळू लागताच चौघे एका सुरात ओरडले, "हिरोजी, धाव!"

प्रत्येक पात्राचे नाव मराठीच असावे, असा आमचा आग्रह नाही. उत्तरेकडील हिमप्रदेशातल्या वीराला नॉर्स नावच शोभेल. मात्र नाव एखाद्या खऱ्या भाषेच्या मुळातून यावे, पात्राच्या कामाशी जुळावे आणि संकटात एका दमात हाक मारता यावी, एवढे पथ्य पाळावे.

आमच्या नातवाच्या स्वतःच्या नावाचे शाळेत दोन अक्षरांवर भागते आणि तोही मुकाट्याने 'ओ' देतो. त्या रात्री मात्र त्याने आजीकडून देवनागरीत 'हिरोजी' लिहून घेतले, ते गिरविले, आणि मग हळूच विचारले, "आजी, माझे पूर्ण नाव कसे लिहितात?"