सरकारने स्वतःला बांधून घ्यावं



वरकुट्यातल्या साहित्य संमेलनाच्या मांडवात दवाखान्याचं गाऱ्हाणं कशाला, असं पुटपुटणारे दोघे-तिघे पहिल्याच रांगेत बसलेत. त्यांना सांगतो, अडलेल्या बाळंतिणीच्या हातात रात्री पडणाऱ्या ‘पुढील उपचारासाठी रवाना’ या चिठ्ठीइतकी धारदार कथा आपल्यापैकी एकानेही लिहिलेली नाही. उपकेंद्रातून आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून आणखी पुढे. इमारत आहे, पाटी आहे. भूल द्यायला माणूस नाही. आणि गाडीचं भाडं नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेऊन द्यायचं!

सरकार म्हणतं, योजना आहेत. आहेत की! २०१२ साली जीवनदायी आली, २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पण जे शासन निर्णयाने आलं, ते दुसऱ्या शासन निर्णयाने जाऊ शकतं. आणि डॉक्टरची खुर्चीच रिकामी असेल, तर मोफत काय, केसपेपर?

कायदेही आहेत म्हणे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची. उत्तम! पण हे बंधन दवाखाना चालवणाऱ्याला. सरकारने स्वतःवर कोणती मुदत, कोणता दंड घालून घेतलाय?

याच महाराष्ट्राने एकदा ते धाडस केलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांची पोरं-नातवंडं इथं समोर बसलीत. त्या दुष्काळातून, वि. स. पागे यांच्या ध्यासातून, १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारभत्ता द्या. पैशासाठी १९७५ सालीच व्यवसाय कर लावला होता. मुदत, भरपाई आणि पैसा, तिन्ही ठरलेलं. दिल्लीला हे २००५ साली सुचलं.

मग आरोग्याला हीच हमी का नाही? राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. तातडीच्या उपचारांचे पैसे कोण देणार, हा त्यांचा सवाल रास्तच होता. पैसे सरकारनेच द्यायचे, तेही ठरल्या मुदतीत. डॉक्टरांशी आपलं भांडण नाही. भांडण तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत त्यांच्याशी आहे.

संध्याकाळी अभिजात मराठीच्या अभिनंदनाचा ठराव जरूर करा. पण त्याच्याआधी हा घ्या: महाराष्ट्राने आरोग्य हमीचा कायदा करावा. तज्ज्ञाची रिकामी जागा किती दिवसांत भरणार, ते त्यात लिहावं. तज्ज्ञ नसेल तर पुढे नेणारी गाडी आणि तिथला खर्च सरकारचा. हयगय झाली, तर घरच्यांना भरपाई.

ज्यांना हा ठराव राजकीय वाटतो, त्यांनी हात वर करू नये. आणि ज्यांना तो विधिमंडळात मांडायचा नाही, त्यांनी वरकुट्यात मतं मागायला येताना कारण लेखी आणावं. आम्हाला वाचता येतं.