नेत्र सहायकाचा पहिला धडा : डोळ्याची रचना आणि काम
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नाही. माझी हयात सूतगिरणीत गेली. पण गिरणीत एक गोष्ट पक्की कळली. मशीनचं बटण दाबणारे पुष्कळ असतात. आतला कुठला भाग काय काम करतो हे ज्याला ठाऊक, तोच नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतो. डोळ्याचंही तसंच आहे.

१९७६ साली भारत सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. डोळ्यांचे डॉक्टर शहरात आणि आंधळेपण खेड्यात, ही अडचण होती. त्यासाठी नेत्र सहायक तयार करण्यात आले. नजर तपासणे, चष्म्याचा नंबर काढणे, डोळ्याचा दाब मोजणे, कोणाला डॉक्टरकडे पाठवायचे ते ओळखणे, हे त्यांचे काम. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था १९८७ साली सुरू झाली. तिथे खेड्यातल्या बारावी पास मुला-मुलींना व्हिजन टेक्निशियनचं शिक्षण देऊन गावाजवळच्या केंद्रात बसवतात. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. आपल्या पोरांना ते लांब वाटू नये.

या शिक्षणाचा पाया म्हणजे डोळ्याची रचना आणि कार्य. मुलं म्हणतात, नावं ध्यानात राहत नाहीत. मी म्हणतो, नाव नंतर. आधी काम विचारा.

डोळ्याचा गोळा साधारण २४ मिलिमीटरचा. समोरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिनी नाही, म्हणून तर उजेड आरपार जातो. तूर काढताना काडी लागली तर जखम इथंच होते आणि बरी झाली तरी पांढरा डाग राहू शकतो. आपण म्हणतो, फूल पडलं. त्याच्यामागे बाहुली, बाहुलीमागे भिंग. चाळिशीत भिंग ताठर होतं, सुईत दोरा ओवेना होतो. हे चष्म्याचं काम. भिंगच गढूळ झालं की मोतीबिंदू; हे ऑपरेशनचं काम. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे आढळलं.

आता नीट ऐका. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निचरून जातं. हे पाणी अश्रूंचं नव्हे, आतलं. निचरा तुंबला की दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. हा काचबिंदू. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने येते. काचबिंदूने गेलेली परत येत नाही. घरात आजीला दिसेनासं झालं की आपण म्हणतो, "मोतीबिंदू असंल, पिकू द्या." आणि तो काचबिंदू निघाला तर? ज्याला निचऱ्याची वाट माहीत आहे, तो सहायक आजीला थांबू देणार नाही. तो दाब मोजेल आणि त्याच दिवशी चिठ्ठी लिहील. पाठांतर आणि समज यांत हा एवढा फरक आहे.

मग शिकवावं कसं? फळ्यावरच्या चित्रावर थांबू नये. खाटकाकडून बकऱ्याचा डोळा आणून कापून दाखवावा. त्यातलं भिंग छापील अक्षरावर ठेवलं की अक्षर मोठं दिसतं. एका डोळ्यावर बॅटरी मारावी. दोन्ही बाहुल्या बारीक होतात. कागदावर डावीकडे फुली आणि चार बोटं सोडून उजवीकडे ठिपका काढा. डावा डोळा झाकून, उजव्याने फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणा. एका जागी ठिपका गायब होतो. तिथून नस मेंदूकडे निघते, म्हणून तेवढ्या जागेला दिसत नाही. हे पोरगं जन्मात विसरणार नाही.

पालकांना विनंती आहे. मुलगी सायन्सला असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात जाऊन चौकशी करा. अभ्यासक्रमाला सरकारी मान्यता आहे का ते बघूनच पैसे भरा. आपल्या वस्तीतून डोळ्याची जाण असलेली एक जरी मुलगी उभी राहिली, तरी कितीतरी म्हाताऱ्यांना नातवंडांची तोंडं दिसतील.

जयभीम! नमो बुद्धाय!