छावणीतल्या माणसाला विचारलं का?

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती. 1943 पासून पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी, तिथे पंचगंगेच्या आसऱ्याने राहिली. कोल्हापूरच्या पाहुणचाराबद्दल आपण अभिमानाने बोलतो, आणि बोलावंच. पण ही माणसं तिथून गेली कशी, हे फारसं कुणी सांगत नाही. मला आज तेवढंच सांगायचं आहे.

लग्नाच्या बैठकीत काय होतं? ओसरीवर दोन्हीकडची जाणती मंडळी बसतात, मानपान ठरतो, याद्या होतात. जिचं लग्न, ती माजघराच्या दाराआड उभी. तिला विचारायचं कुणाला सुचतच नाही. वळिवड्याचं तसंच झालं. फेब्रुवारी 1945 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या याल्टाच्या बैठकीत पूर्व पोलंड सोव्हिएत रशियाकडे गेला. छावणीतल्या बहुतेकांची घरं त्याच भागातली. तिथूनच 1940-41 मध्ये त्यांना सैबेरियाकडे हाकललं होतं. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे मुलीच्या बापालाच बैठकीतून उठवलं! मग परत कोण जाणार, ब्रिटनला कोण, आफ्रिकेतल्या छावण्यांत कोण, याची बोलणी वर्षानुवर्षं चालली. सैनिकांची कुटुंबं ब्रिटनला गेली, बाकीची जगभर पांगली. ज्या घरी जायचं ते घर नकाशावर दुसऱ्याच्या देशात गेलेलं, आणि यांनी निर्णयाची वाट पाहत बसायचं. दाराआडच्या मुलीला कुणी विचारलं का?

चाळीसेक वर्षांनी पुन्हा तेच. जून 1989 मध्ये व्हिएतनामी निर्वासितांसाठी जिनिव्हात देशोदेशीचे प्रतिनिधी बसले. ठरलं असं, की जे निर्वासित ठरतील त्यांना पश्चिमेकडे घर, बाकीच्यांनी परत जायचं. त्याच डिसेंबरात हाँगकाँगमधून 51 जणांना, त्यांची इच्छा नसताना, पहाटेच्या अंधारात विमानात बसवून हनोईला धाडलं. पुन्हा सांगतो, बैठक कितीही मोठी असो, मुलीला विचारलं का?

वर्धेकरांना तर निर्वासितांचं हे दुःख परकं वाटूच नये. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात गांधीजींजवळ राहिलेले भारतानंद, म्हणजे मॉरिस फ्रीडमन, हे पोलिश अभियंते. 1959 नंतर तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी ते आणि उमादेवी, म्हणजे वांदा दिनोव्स्का, खूप झटले.

तेव्हा एकच विनंती. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी वसाहत आहे. थंडीत स्वेटर विकायला तिबेटी मंडळी आपल्या गावांतही येतात. आपण भाव विचारतो, घासाघीस करतो आणि निघतो. या थंडीत जरा थांबा. त्यांना इथे राहायचं आहे की परत जायचं आहे, एवढं त्यांनाच विचारा, आणि ते सांगतील ते पुरतं ऐकून घ्या.