‘वस्तूकरण’ : एका शब्दाचा विचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते कोणत्याही शब्दाचा अर्थ सांगण्यापूर्वी त्याची फोड करावयास लावीत. त्याच रीतीने आज मी ‘वस्तूकरण’ या शब्दाकडे पाहणार आहे. जाहिरातींतील स्त्रीदेहाच्या चर्चेत तो आपल्या कानांवर येतो. त्याचा व्याप मात्र त्याहून पुष्कळ मोठा आहे.

‘वस्तुनिष्ठ’, ‘वस्तुस्थिती’ या शब्दांत ‘तु’ ऱ्हस्व आहे. ‘वस्तूकरणा’त तो दीर्घ होतो. हा संस्कृतातील च्वि प्रत्ययाचा परिणाम. पाणिनीय परंपरेत त्याची अट ‘अभूततद्भाव’ अशी सांगितली आहे : जे मुळात तसे नव्हते, ते तसे होणे किंवा करणे. अशुद्धाचे शुद्धीकरण होते, त्याचप्रमाणे जे वस्तू नाही त्याचेच वस्तूकरण होऊ शकते. टेबलाचे वस्तूकरण संभवत नाही. म्हणजे समोर माणूस होता आणि त्याला कोणीतरी वस्तू केले, या दोन्ही गोष्टींची साक्ष हा शब्दच देतो.

हे घडते कसे? मार्था नुसबाम या अमेरिकन विदुषीने १९९५ साली एका निबंधात त्याची सात लक्षणे मांडली. माणसाला साधन म्हणून वापरणे, त्याचा निर्णयाचा अधिकार नाकारणे, त्याच्यावर मालकी सांगणे, त्याच्या भावना जमेस न धरणे, ही त्यांतील काही. आणखी एक लक्षण म्हणजे ‘हा नसला तर दुसरा चालेल’ अशी दृष्टी. मुंबईच्या कापडगिरण्यांत गैरहजर कामगाराच्या जागी येणाऱ्यास ‘बदली’ म्हणत. कामाची अशाश्वती हीच त्या माणसाची ओळख होऊन बसली.

येथे एक विवेक हवा. आपले बऱ्हाणपूर यंत्रमागांचे गाव. मागावरच्या कारागिराच्या श्रमाचा आपण सर्वच उपयोग करून घेतो. तेवढ्याने वस्तूकरण होत नाही. कांटने १७८५ साली बजावले ते एवढेच, की माणसाला ‘केवळ’ साधन मानू नये. सारा अर्थ त्या ‘केवळ’मध्ये आहे.

स्तुतीनेही वस्तूकरण होते. १६३१ साली याच नगरात चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल निवर्तली. तापीपलीकडे जैनाबादेत तिचे दफन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे शव आग्र्याला नेण्यात आले. ताजमहालाचा संगमरवर आपण वर्णन करून सांगतो. तिचे मूळ नाव अर्जुमंद बानू होते, हे कितीजणांस आठवते? त्या चौदा बाळंतपणांविषयी तिला काय वाटले असेल, हा प्रश्न तर आपल्या मनातही येत नाही.

शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला. तरीही आपली रोजची भाषा पाहा. मुलगी ‘दाखवतात’, ती ‘पसंत करतात’, मग ती ‘देतात’ आणि ‘उजवतात’. या क्रियापदांत ती सर्वत्र कर्म आहे; कर्ता कोणी दुसराच.

माझ्या थोरल्या बहिणीला पाहावयास मंडळी आली, तेव्हा पोह्यांच्या बश्या मीच नेल्या होत्या. तिला चालून दाखवावयास सांगितले, सुईत दोरा ओवावयास सांगितले. मंडळी गेल्यावर बैठकीत तिच्या रंगाची आणि उंचीची चर्चा झाली. स्वयंपाकघरात तिने मला हलकेच विचारले, “मला कुणी काही विचारलं का रे?” मी उत्तर दिले नाही. पुढे चाळीस वर्षे मी व्याकरण शिकवले. पण कर्ता आणि कर्म यांतील अंतर मला त्या दिवशी कळावयास हवे होते, ते फार उशिरा कळले. आता ती नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगतो : घरात किंवा कचेरीत एखाद्या माणसाविषयी काही ठरत असेल, तेव्हा त्याला कोणी विचारले आहे काय, हे आधी पाहा. विचारले नसेल, तर तुम्ही विचारा.