डब्यातली कार्डं आणि कुणाला माहीत नसलेले खेळाडू

मागच्या वेळी आपण अंतर्गत कर्जाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज विषय आहे पोरांच्या कार्डांचा. हसू नका. बोईसर, पास्थळ, सरावलीकडच्या बैठकांमध्ये हा विषय तीनदा निघाला, आणि त्यातला दोनदा भांडण म्हणूनच निघाला.

कार्ड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण काही जणींच्या घरी अजून हा प्रकार पोचलेला नसेल. पत्त्याएवढा जाड कागद. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची माहिती. क्रिकेटचे असतात, कुस्तीवाल्यांचे असतात. पाच-सहा कार्डांचं पाकीट मिळतं, आणि ते फोडल्याशिवाय आत कोण आहे ते कळत नाही. हे नवीन नाही. आमच्या मोठ्या भावांच्या वेळी 'बिग फन' बबलगममध्ये क्रिकेटवाल्यांची चित्रं यायची, त्यावर धावा छापलेल्या असायच्या आणि त्या जमवत बसायचं. आम्ही शाळेत होतो तेव्हा मुलगे मधल्या सुट्टीत कुस्तीची ट्रम्प कार्डं घेऊन बसायचे. उंची, वजन, छाती. ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. आम्हाला मुलींना कुणी खेळायला घेत नसे, पण आकडे आम्हालाही पाठ होते.

आता मुद्द्याचं. आमच्या गटातली एक ताई अणुशक्ती केंद्राच्या वसाहतीत घरकामाला जाते. तिथल्या एका कुटुंबाची बदली झाली आणि जाताना त्यांनी पोराच्या जुन्या वस्तू हिच्या मुलाला दिल्या. त्यात एक डबा होता बास्केटबॉलच्या कार्डांचा. अमेरिकेतल्या खेळाडूंची. चांगली नावाजलेली कार्डं त्या घरच्या मुलाने स्वतःकडे ठेवली होती, साहजिकच आहे. उरले ते सगळे असे, ज्यांना कुणी ओळखत नाही. ताईचा मुलगा सातवीत. त्याने मित्रांना दाखवली तर ते म्हणाले, ही काय भंगारात घालायचीत का? आणि तिथून त्याला त्याच कार्डांचं वेड लागलं. क्रिकेटच्या कार्डांतही तो आता जे कुणाला नकोत तेच मागून घेतो. एका कोहलीच्या बदल्यात त्याला दहा मिळतात. आईचं म्हणणं, पोरगं बावळट आहे, सोनं देऊन पितळ घेतंय.

आम्हीही आधी असंच समजलो. मग त्याच्यासमोर बसून कार्डं बघितली.

बास्केटबॉल म्हणजे नावाप्रमाणे टोपलीचाच खेळ. 1891 साली अमेरिकेत स्प्रिंगफिल्ड गावात जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकाने थंडीत पोरांना घरात खेळता यावं म्हणून फळांच्या टोपल्या वर टांगल्या, त्यात चेंडू टाकायचा. आज तिथे एनबीए नावाची मोठी स्पर्धा आहे, 30 संघांची. एका संघात 15 जणांचा नेहमीचा करार, पण मैदानात एका वेळी उतरतात पाचच. म्हणजे साडेचारशे खेळाडू, आणि त्यातले जगाला माहीत किती? वीस-पंचवीस. बाकीचे बाकावर टॉवेल खांद्यावर टाकून बसतात, बोलावलं तर दोन-चार मिनिटं खेळतात.

त्यातही एक प्रकार ऐका. कुणी जखमी झालं की संघ बाहेरचा खेळाडू दहा दिवसांच्या करारावर घेतो. दहा दिवस झाले की घरी. पटलं तर अजून दहा दिवस. तोच संघ एका मोसमात दोनदाच असं ठेवू शकतो, त्यानंतर मोसम संपेपर्यंत तरी घ्यायचं नाहीतर सोडायचं. हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या बायका एकदम म्हणाल्या, अगं हे तर आपलंच! ठेकेदाराकडे गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत. त्या दिवसापासून त्या पोराच्या डब्याकडे आमच्या बायका वेगळ्या नजरेने बघायला लागल्या. त्या खेळाडूला दहा दिवसांत मिळणारा पैसा आपल्याला दहा वर्षांत दिसणार नाही, हेही खरं. पण उद्या बोलावतील की नाही ही धाकधूक सारखीच.

आणि आपला एक माणूस तिथवर जाऊन आला. पंजाबातल्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, शेतकऱ्याचा मुलगा, उंची सात फुटांच्या वर. 2015 साली डॅलसच्या संघाने त्याला 52व्या क्रमांकावर निवडलं. भारतातून असा निवडला गेलेला तो पहिला. एनबीएच्या मोठ्या मोसमात मात्र एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पोराला हे कळलं तेव्हा त्याने विचारलं, मग याचं कार्ड मिळेल का? सचिनचं, धोनीचं नाही, याचं.

आता कार्डाची मागची बाजू. तिथे खेळाडूचं जन्मगाव, उंची, वजन, किती सामने, किती गुण, आणि सामन्याला सरासरी किती, असं सगळं असतं. मोठ्या खेळाडूच्या मागे आकड्यांचे बारा-पंधरा रकाने, छोट्याच्या मागे एक ओळ. 12 सामने, 36 गुण, सरासरी 3. गणितात कच्चा असलेला हा मुलगा सरासरी इथे शिकला. आणि त्याच्याकडून आमच्या गटातल्या दोघी शिकल्या! पापडाच्या ऑर्डरीत एक बाई वीस दिवस आली, दुसरी नऊच दिवस, एकूण किलो पहिलीचे जास्त. पण दिवसाला किती, असं काढलं तर नऊ दिवसवाली पुढे. तिच्या घरी आजारी सासू, रोज येणं शक्यच नव्हतं. नुसत्या बेरजेत ती आळशी दिसत होती. आता आमच्या वहीत दोन्ही रकाने आहेत.

पैशाचं बोललंच पाहिजे, कारण भांडणं तिथेच आहेत. पोरांच्या कानावर येतं की एका कार्डाला कोटी मिळाले. खोटं नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या मिकी मँटल या खेळाडूचं 1952 सालचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. पण ते का गेलं ते पोरांना कुणी सांगत नाही. त्या साली त्या कंपनीची बरीच कार्डं विकलीच गेली नाहीत, गोदामात जागा अडवून बसली, शेवटी कंपनीच्या माणसाने ती होडीत भरून समुद्रात टाकली. हे त्यानेच पुढे सांगितलं. घरोघरची गेली ती आयांनी साफसफाईत काढून टाकली. उरली थोडी, म्हणून भाव. पुढे 1990च्या आसपास लोकांनी हावेने कार्डं साठवली, कंपन्यांनीही भरमसाट छापली, आणि आज त्यातल्या बहुतेकांना रद्दीचा भाव आहे. चिकू सगळ्यांच्या वाडीत एकदम आला की डहाणूच्या बाजारात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा पाकीट विकत घेणं ही बचत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. फोडल्याशिवाय आत काय ते कळत नाही, अशा वस्तूवर पैसे लावणं म्हणजे मटक्याचा धाकटा भाऊ. आमच्याकडे ठरलंय: पाकीट महिन्यातून एक, तेही स्वतःच्या खाऊच्या पैशातून. अदलाबदल हवी तेवढी. मोबाइलवर कुणी कार्ड विकतो म्हणून आईच्या फोनवरून पैसे पाठवायचे नाहीत. एका घरात तसं झालं, कार्ड आलं नाही ते नाहीच.

पण डबा फेकू नका.

हे का म्हणतो ते आता सांगतो. मुलगा दहाव्या नंबरच्या खेळाडूची एक ओळ जपतो, आणि आपल्याच घरात जी खेळली तिचा कागद कुठे असतो? आपल्या भागात कबड्डी, खो-खो न खेळलेली बाई शोधावी लागेल. बाहेरचं जाऊ द्या, 2012 साली पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ. किती जणींना ही नावं माहीत होती? बैठकीत पंचवीस जणींपैकी दोघींना. आपल्या माहीमचा शार्दूल ठाकूर सगळ्यांना माहीत, क्रिकेटची बॅग घेऊन पालघरहून गाडीने मुंबईला जायचा हेही माहीत. असायलाच हवं, अभिमानच आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार होती, हे आम्हालाही त्या पोराच्या शंकांची उत्तरं शोधतानाच कळलं. वारली चित्रांचंही बघा. लग्नाचा चौक लिहायच्या त्या सवाशिणी. त्यांची नावं कुठेच नाहीत.

आता एका घरात झालेलं सांगतो. मुलगी शाळेतून कबड्डीत राज्य पातळीवर खेळून आली, नंबरही आला. प्रमाणपत्र कपाटावर ठेवलं, दोन पावसाळ्यांत वाळवी लागली. पुढे पोलीस भरती निघाली. शाळेत गेली तर म्हणाले, जुनं रजिस्टर सापडत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. पण अर्ज करण्याआधी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते, आपला जिल्हा मुंबई विभागात येतो. कुठल्या पदाला कुठल्या पातळीचा कितवा क्रमांक लागतो तेही ठरलेलं आहे, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. दहावी-बारावीत खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्याचाही प्रस्ताव शाळेने वेळेत पाठवावा लागतो. मुलगी जिंकून आली की हार घालून फोटो काढतो, पण शाळेने प्रस्ताव पाठवला का, हे विचारायला आईने जायला हवं. एकटीला बोलायला जड जात असेल तर गटातल्या दोघी सोबत जा.

तर आम्ही या उन्हाळ्यात गटात कार्डं बनवली. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच कापलेला. बाजारातली कार्डं याच मापाची असतात, म्हणजे पोरांच्या डब्यात बसतात. पुढे फोटो, नसेल तर पोरांनी काढलेलं चित्र. मागे नाव, गाव, शाळा, खेळ, साल, सामने, गुण. खेळणाऱ्या मुलीच्या कार्डावर आणखी एक ओळ असते: प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मूळ कागद कुठे ठेवलाय ते. मूळ कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, पत्र्याच्या पेटीत, आणि एक फोटो मोबाइलवर, एक दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर.

मुलींची बारा झाली. मग बायका म्हणाल्या, आमचं पण करा.

पन्नाशीतल्या एक मावशी आहेत, मासळी घेऊन बसतात. त्या शाळेत खो-खो खेळायच्या, तालुक्याला गेल्या होत्या. तो सातवीतला मुलगा पेन्सिल घेऊन समोर बसला. किती सामने? मावशी म्हणाल्या, चार. मग म्हणाल्या, पाच असतील, एकदा पाऊस पडला होता, तो धरायचा का? त्याने विचारलं, किती गडी बाद केलेत? त्यांना सांगता येईना. त्यांच्याच संघातली एक मैत्रीण लग्न होऊन वाणगावला गेलेली, तिचा नंबर कुणाकडून तरी मिळवला आणि फोन स्पीकरवर लावला. दोघी वीस मिनिटं भांडल्या. ती म्हणते सामने सहा, आणि शेवटच्यात तू नाही, मी बाद केलेले. शेवटी पोराने सामने पाच लिहिले, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि सरासरीची जागा मोकळी ठेवली. वाणगाववाल्या मावशींनी त्यांचंही कार्ड मागितलंय. फोटो पाठवते म्हणाल्या, लग्नातला आहे, चालेल का?